मोजून घेतलेली मासळी
ईरी सरोवरावरील एका नौकाचालकाचा दिवस

ज्या पाण्यावर कोणा एकाची मालकी नसते, त्या पाण्यातील मासळी कोणी, केव्हा आणि किती धरावी, हा प्रश्न मासेमारीइतकाच जुना आहे. गावतळे असो, धरणाचा जलाशय असो किंवा समुद्र असो, प्रत्येकाने आपल्या सोयीने हवी तेवढी मासळी उचलली, तर काही वर्षांतच सर्वांचीच जाळी रिकामी येऊ लागतात. उलट प्रत्येकाने मोजून आपला वाटा घेतला, तर तेच पाणी पिढ्यान् पिढ्या अन्न आणि रोजगार देत राहते. ही गोष्ट सांगण्यास सोपी असली, तरी आचरण्यास कठीण आहे. कारण नियम सरकारी कचेरीत ठरत असला, तरी तो पाळायचा असतो पाण्यावर, आणि तेथे पाहणारा सहसा कोणीच नसतो.

उत्तर अमेरिकेतील ईरी सरोवरावर हौशी लोकांना मासेमारीसाठी भाड्याच्या नौकेतून नेणाऱ्या चालकांचा व्यवसाय या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. या चालकाला तेथे 'कप्तान' म्हणतात. आपल्या कोकण किनाऱ्यावर नौकेच्या प्रमुखाला 'तांडेल' म्हणतात, तोच हा मान. मात्र तांडेलाची मिळकत जाळ्यात आलेल्या मासळीवर असते, तर या कप्तानाची मिळकत ग्राहकांनी दिलेल्या भाड्यावर असते. हौसेखातर गळाने धरलेली मासळी विकण्यास तेथे कायद्याने मनाई आहे. त्यामुळे कप्तानाचा माल म्हणजे मासळी नव्हे, तर सुरक्षितपणे पार पडलेला एक दिवस होय.

सरोवर आणि त्याचे वाटेकरी

ईरी हे उत्तर अमेरिकेतील पाच महासरोवरांपैकी एक. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २५,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या दीडपटीहून अधिक. लांबी सुमारे ३८८ किलोमीटर, तर रुंदी जास्तीत जास्त सुमारे ९२ किलोमीटर. विस्तार एवढा मोठा असला, तरी खोलीच्या बाबतीत पाचही सरोवरांत ईरी सर्वांत उथळ आहे. त्याची सरासरी खोली सुमारे १९ मीटर असून सर्वांत खोल जागी ती ६४ मीटर भरते. पश्चिमेकडील भाग तर सरासरी सात-आठ मीटर इतकाच खोल आहे. उथळ पाणी उन्हाळ्यात लवकर तापते, त्यात सूक्ष्म वनस्पती व जीव भरपूर वाढतात आणि त्यांवर मासळी पोसली जाते. याच कारणामुळे मासळीच्या उत्पादनात हे सरोवर पाचांत अग्रेसर ठरले आहे.

सरोवराच्या मध्यातून आंतरराष्ट्रीय सीमा जाते. उत्तर किनारा कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांताचा. दक्षिण व पश्चिम किनारा अमेरिकेतील मिशिगन, ओहायो, पेन्सिल्व्हेनिया व न्यूयॉर्क या चार राज्यांत विभागलेला. म्हणजे पाणी एक, देश दोन आणि कायदे करणारी सरकारे पाच. माशाला मात्र यांतील कोणतीच सीमा ठाऊक नसते. आज ओहायोच्या पाण्यात चरणारा थवा उद्या ऑन्टारियोच्या पाण्यात असू शकतो. एका किनाऱ्यावरील लोकांनी अधिक मासळी काढली, तर तिचा तुटवडा दुसऱ्या किनाऱ्याला जाणवतो.

पट्टेदार पिवळा पर्च

या सरोवरातील वॉलआय आणि पिवळा पर्च हे दोन मासे लोकांच्या विशेष आवडीचे आहेत. पिवळा पर्च आकाराने लहान, साधारणतः एका वितीएवढा. अंगावर सोनेरी पिवळी झाक आणि त्यावर सहा ते आठ गडद उभे पट्टे. वजन बहुधा १०० ते १५० ग्रॅमच्या आसपास. मांस पांढरे, घट्ट व सौम्य चवीचे असल्यामुळे सरोवराकाठच्या खाणावळींत व चर्चच्या शुक्रवारच्या सामुदायिक भोजनांत तळलेल्या पर्चला मोठी मागणी असते.

पर्च थव्याने राहतो आणि बहुधा तळाजवळ वावरतो. तो डोळ्यांनी भक्ष्य शोधतो. त्यामुळे दिवसा खातो व रात्री स्वस्थ पडून राहतो. वसंत ऋतूत पाणी थोडे उबदार होऊ लागले की मादी उथळ पाण्यात अंडी घालते. ही अंडी सुटी नसतात. हजारो अंड्यांची एक लांब, चिकट व घडीदार फीत पाणवनस्पतींवर व बुडालेल्या फांद्यांवर पसरली जाते. त्यांतून किती पिल्ले जगतील, हे त्या वर्षीचे हवामान, पाण्याचे तापमान, खाद्याचा पुरवठा आणि इतर मासे यांवर अवलंबून असते. एखाद्या वर्षी भरघोस पिढी निपजते, तर एखाद्या वर्षी नाममात्र. गळाला लागण्याजोगा होण्यास पर्चला दोन-तीन वर्षे लागतात. म्हणून आज कमी निपजलेल्या पिढीची झळ दोन-तीन वर्षांनंतर बसते, आणि सलग काही वर्षे पिढ्या दुबळ्या निघाल्या, तर ती दीर्घकाळ सोसावी लागते.

सरोवराच्या मध्य भागात नेमके हेच घडले. तेथील पर्चची संख्या घटत गेल्यामुळे ओहायो राज्याने २०२१ च्या १ मेपासून या भागासाठी नवी मर्यादा लागू केली. पूर्वी एका माणसाला एका दिवसात ३० पर्च नेता येत. ती संख्या मध्य भागात १० वर आणण्यात आली. पश्चिम व पूर्व भागांत त्या वर्षी ३० हीच मर्यादा कायम राहिली. पुढे वर्णन केलेला दिवस हा त्या हंगामातील सप्टेंबर महिन्याचा, मध्य भागातील लोरेन या बंदरातला आहे. तो कोणा एका व्यक्तीचा नसून या व्यवसायातील नेहमीच्या कामाचे चित्र आहे.

पहाटेचा पहिला निर्णय

लोरेन हे ब्लॅक नदीच्या मुखावरील शहर. एके काळी पोलाद आणि जहाजबांधणी यांवर ते उभे होते. जहाजबांधणीचा मोठा कारखाना १९८० च्या दशकात बंद पडला. आज बंदराच्या तोंडाशी १९१७ मध्ये बांधलेला दीपस्तंभ उभा आहे आणि धक्क्याला मालवाहू जहाजांबरोबर मासेमारीच्या लहान नौकाही लागलेल्या दिसतात.

कप्तानाचा दिवस पहाटे साडेचारच्या सुमारास सुरू होतो. सर्वप्रथम तो राष्ट्रीय हवामान सेवेचा अंदाज पाहतो आणि सरोवरात तरंगत्या ठेवलेल्या निरीक्षण-साधनांवरून वाऱ्याचा वेग व लाटांची उंची यांची ताजी नोंद घेतो. उथळ सरोवराचा स्वभाव खोल समुद्राहून वेगळा असतो. येथे वारा वाढला की लाटा झपाट्याने उठतात. त्या जवळजवळ येणाऱ्या व उभ्या चढणीच्या असल्यामुळे लहान नौकेला सावरण्यास उसंत मिळत नाही. नैर्ऋत्येचे वादळ सुटले, तर सरोवराचे पाणी पूर्वेकडील बफेलो शहराच्या टोकाला ढकलले जाते आणि दोन टोकांच्या पातळीत दोन मीटरांहूनही अधिक फरक पडल्याचे आढळले आहे. परातीत पाणी घेऊन चालताना ते एका काठाला चढावे, तसाच हा प्रकार होय.

सहा ग्राहकांनी महिनाभर आधी दिवस ठरवलेला असतो. त्यांतील काही दोन-तीनशे किलोमीटरांवरून येऊन रात्री मुक्कामाला राहिलेले असतात. नौकेचा हप्ता, विमा, धक्क्याचे भाडे आणि इंधन यांचा खर्च नौका उभी राहिली तरी चुकत नाही. तरीसुद्धा लहान नौकांसाठी धोक्याचा इशारा असेल, तर जबाबदार कप्तान दूरध्वनी करून सफर रद्द करतो. त्या दिवसाची मिळकत बुडते, ग्राहकही नाराज होतात. पण हा निर्णय ग्राहकांच्या मतावर सोडून चालत नाही, कारण पाण्यावरील धोक्याची त्यांना कल्पना नसते. परवाना कप्तानाच्या नावे असतो आणि त्याबरोबर जबाबदारीही त्याचीच असते.

परवान्यामागील शिस्त

भाड्याने माणसे नेणाऱ्या अशा नौकेवर अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा परवाना असलेला चालक असणे बंधनकारक आहे. या वर्गातील परवान्यावर भाडे देणारे सहाच प्रवासी नेता येतात. सातवा माणूस कितीही ओळखीचा असला, तरी भाडे देऊन चढू शकत नाही. परवाना मिळण्यासाठी उमेदवाराने ३६० दिवसांचा नौकानयनाचा अनुभव दाखवावा लागतो. वैद्यकीय तपासणी, मादक द्रव्यांची चाचणी, प्रथमोपचाराचे शिक्षण आणि लेखी परीक्षा हे टप्पे पार करावे लागतात. परवान्याची मुदत पाच वर्षे असते. त्याशिवाय राज्याच्या वन्यजीव विभागाचा मार्गदर्शक परवानाही घ्यावा लागतो. ग्राहकांपैकी १६ वर्षे व त्यावरील प्रत्येकाजवळ स्वतःचा मासेमारी परवाना असावा लागतो, आणि कप्तान तो धक्क्यावरच तपासतो.

नौका सुटण्यापूर्वी तो सर्वांना जीवरक्षक जाकिटे कोठे आहेत व कशी बांधावीत हे दाखवतो. अग्निशामक कोठे आहे, बिनतारी यंत्रावर संकटकाळी १६ क्रमांकाची वाहिनी कशी लावावी आणि आपणास काही झाल्यास कोणी काय करावे, हेही सांगतो. या पाच मिनिटांच्या पाठाकडे ग्राहकांचे लक्ष क्वचितच असते. पण तो रोज, त्याच क्रमाने, एकही वाक्य न गाळता दिला जातो.

शोध आणि नांगर

सूर्योदयाच्या सुमारास नौका दीपस्तंभ ओलांडून खुल्या पाण्यात येते. आता थवा शोधायचा असतो. ध्वनिलहरी तळापर्यंत पाठवून परत आलेल्या प्रतिध्वनीवरून खोली व मासळी दाखवणारे यंत्र सुकाणूजवळ बसवलेले असते. त्याच्या पडद्यावर तळालगत लहान उंचवटे दिसू लागले, म्हणजे तेथे पर्च असण्याचा संभव असतो. पण यंत्र फक्त खूण दाखवते. ती खूण पर्चची की दुसऱ्या माशाची, हे वर्षानुवर्षांच्या सरावाने ओळखावे लागते.

सप्टेंबरमध्ये मध्य भागात आणखी एक अडचण असते. उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते व खालच्या थंड पाण्यावर थरासारखे पसरते. दोन्ही थर मिसळत नाहीत. वर वाढलेले शेवाळ मरून तळाशी कुजते आणि कुजताना खालच्या थरातील प्राणवायू संपवते. अशा पाण्यात मासा राहू शकत नाही. थवे त्या भागातून बाहेर, कडेच्या उथळ पाण्याकडे किंवा वरच्या थराकडे सरकतात. कालपर्यंत भरपूर मासळी देणारी जागा आज ओस पडते. शरद ऋतूत पाणी थंड होऊन थर मिसळले, म्हणजे मासे पुन्हा पसरतात. म्हणून कप्तान केवळ मासा शोधत नाही, तर श्वास घेण्याजोगे पाणी शोधत असतो.

योग्य जागा मिळाली की वाऱ्याकडे तोंड करून नांगर टाकला जातो. पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट दोर सोडला, तरच नांगर तळाला नीट धरतो. १२ मीटर पाण्यात म्हणजे ६० मीटरांहून अधिक दोर लागतो. नौका थव्यापासून थोडी जरी सरकली, तरी गळ रिकामे राहतात.

पर्च धरण्याची पद्धत साधी आहे. तंगुसाच्या टोकाला शिशाचे वजन, त्याच्या वर दोन गळ आणि प्रत्येक गळाला एक लहान चंदेरी मासोळी. शिसे तळाला टेकले की तंगूस ताणून धरायचा आणि हाताला जाणवणाऱ्या हलक्या टोच्याची वाट पाहायची. वॉलआयसारखा हिसका पर्च देत नाही. नवख्या माणसाला टोचा कळतच नाही, आणि आमिष केव्हा गेले हेही उमगत नाही. कप्तान त्याच्याजवळ उभा राहून तंगुसावर बोट कसे ठेवावे हे शिकवतो. दहा-पंधरा मिनिटांत काही लागले नाही, तर नांगर उचलून पुन्हा शोध सुरू होतो. सकाळभरात तीन-चार वेळा जागा बदलणे हे नित्याचेच आहे.

साठ माशांचा हिशेब

थवा सापडला, म्हणजे खरी कसोटी सुरू होते. सहा माणसे, प्रत्येकी १० मासे, म्हणजे नौकेचा एकूण वाटा ६०. आदल्या हंगामापर्यंत तोच १८० होता. एकेका वेळी दोन-दोन पर्च वर येऊ लागले की साठाची संख्या पाहता पाहता भरते. ग्राहकाने पूर्ण दिवसाचे भाडे मोजलेले असते. तळाशी थवा अजून आहे, दुपार अजून बाकी आहे आणि शीतपेटीत जागाही आहे. अशा वेळी आणखी दहा-वीस घेतले तर काय बिघडले, येथे पाहणारे कोण आहे, असा प्रश्न कोणीतरी हसत हसत विचारतोच.

या प्रश्नाचे उत्तर कप्तानाला रोज द्यावे लागते. एका नौकेने वीस मासे अधिक नेल्यामुळे एवढ्या मोठ्या सरोवराचे काही बिघडत नाही, हे खरेच आहे. पण हेच उत्तर त्या दिवशी पाण्यावर असलेल्या प्रत्येक नौकेला लागू पडते. सर्वांनी ते मान्य केले, तर मर्यादेला अर्थ उरत नाही आणि पुढील वर्षी ती आणखी खाली आणावी लागते. कप्तानाचे हित तर मर्यादा टिकण्यातच आहे. ग्राहक एका दिवसापुरता येतो, पण कप्तानाला पुढील हंगामात आणि त्यानंतरही याच पाण्यावर पोट भरायचे असते.

दुसरी बाब माशाच्या शरीराची. पर्चच्या पोटात हवेची पिशवी असते. १२ मीटर खोलीवरून तो भराभर वर ओढला गेला की पाण्याचा दाब कमी होऊन ही पिशवी फुगते. असा मासा सोडून दिला, तरी कधी कधी पृष्ठभागावर उताणा तरंगत राहतो आणि पक्ष्यांच्या तोंडी जातो. म्हणून लहान मासे परत टाकून मोठ्यांची निवड करीत बसणे हे वाटते तितके निरुपद्रवी नाही. जाणता कप्तान संख्या पूर्ण झाली की सर्वांचे गळ वर घेण्यास सांगतो. उरलेल्या वेळात तो ग्राहकांना मर्यादा वेगळी असलेल्या वॉलआयच्या शोधात नेतो, किंवा सरळ बंदराची वाट धरतो.

या निर्णयाची किंमत त्याला मोजावी लागते. एका माणसाच्या वाट्याचे दहा पर्च म्हणजे साफ केल्यावर एका कुटुंबाचे एक जेवण. पूर्वी तीस मासे घेऊन जाणारे काही जुने ग्राहक पुढील वर्षी येत नाहीत, तर काही मर्यादा अधिक असलेल्या भागातील बंदराकडे वळतात. मासळीच्या रक्षणाचा बोजा असा प्रथम मासेमारीवर जगणाऱ्यावरच पडतो. मर्यादा ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांनी ही गोष्ट नजरेआड करू नये, अशी या व्यावसायिकांची अपेक्षा असते आणि ती रास्त आहे.

धक्क्यावरील मोजणी

दुपारी वारा फिरून लाटांवर पांढरा फेस दिसू लागला की कप्तान घड्याळाकडे न पाहता नांगर उचलतो. बंदरात शिरताना पहाटेचाच नियम पुन्हा लागू होतो. मासे कमी पडले तर पुन्हा येता येते, माणूस पडला तर नाही.

धक्क्यावर शीतपेटी उघडून मासे मोजले जातात व प्रत्येकाला त्याचा वाटा दिला जातो. काही दिवशी तेथे राज्याच्या वन्यजीव विभागाचा नोंदणी कर्मचारी उभा असतो. किती माणसे, किती तास, कोणत्या भागात आणि किती मासे, एवढेच तो विचारतो. काही माशांची लांबी मोजतो. या साध्या प्रश्नांची हजारो उत्तरे एकत्र केल्यावर हौशी मासेमारांनी हंगामात किती मासळी काढली याचा अंदाज येतो. मिशिगन राज्यात तर भाड्याच्या नौकांच्या चालकांनी आपल्या पकडीचा मासिक अहवाल देण्याची पद्धत आहे. म्हणजे कप्तान हा केवळ मासेमार नाही, तर सरोवराच्या हिशेबातील एक कारकूनही आहे. त्याने खोटा आकडा सांगितला, तर पुढील वर्षीची मर्यादाही खोट्या पायावर उभी राहते.

मर्यादा ठरते कशी

१९५४ मध्ये अमेरिका व कॅनडा यांच्यात महासरोवरांच्या मत्स्यव्यवसायाविषयी करार झाला आणि त्यानुसार १९५५ मध्ये महासरोवर मत्स्यव्यवसाय आयोगाची स्थापना झाली. १९८१ मध्ये सर्व संबंधित सरकारांनी एक संयुक्त योजना स्वीकारली. तिच्यानुसार ईरी सरोवरासाठी पाचही सरकारांच्या प्रतिनिधींची समिती काम करते. समितीचे निर्णय बहुमताने नव्हे, तर सहमतीने व्हावेत, हे या योजनेचे मुख्य तत्त्व आहे.

पर्चसाठी सरोवराचे पश्चिमेकडून पूर्वेकडे चार विभाग करण्यात आले आहेत. शास्त्रज्ञ दर वर्षी ठरावीक जागी जाळी टाकून लहान-मोठ्या माशांची पाहणी करतात. माशाच्या कानातील बारीक हाडावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळे असतात, त्यांवरून वय काढतात. व्यापारी व हौशी मासेमारांच्या पकडीचे आकडे त्यांना जोडले जातात आणि दोन वर्षांवरील पर्च किती असावेत याचा अंदाज बांधला जातो. त्यांतील किती काढले असता पुढील पिढीला धक्का पोहोचणार नाही, ते समिती ठरवते. हा एकूण आकडा प्रत्येक विभागात ज्याच्या हद्दीत जितके पाणी, त्या प्रमाणात वाटून दिला जातो.

वाटा मिळाल्यावर तो कसा वापरायचा, हे प्रत्येक सरकार स्वतः ठरवते. ऑन्टारियोमध्ये मोठा वाटा व्यापारी मासेमारांकडे जातो. तेथे १९८४ पासून प्रत्येक परवानाधारकाचा हिस्सा ठरवून देण्याची पद्धत आहे. ओहायोमध्ये याच सुमारास गुंतवणी जाळ्यांवर बंदी आली. तेथे काही वाटा सापळा-जाळी लावणाऱ्या व्यापारी मासेमारांना मिळतो आणि उरलेला हौशी मासेमारांना. तो वाटा हजारो लोकांत पुरावा, यासाठी माणशी दैनिक मर्यादा काढली जाते. दोन देशांच्या करारापासून निघालेला धागा असा शेवटी एका शीतपेटीतील दहा माशांपर्यंत येऊन पोहोचतो.

पाणीच बिघडले तर

मासळी मोजून घेणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. ईरीचा इतिहास याची साक्ष देतो. १९६० च्या दशकात शहरांचे सांडपाणी, कारखान्यांतील घाण आणि कपडे धुण्याच्या पावडरीतील फॉस्फरस यांमुळे सरोवर मेले, असेच लोक म्हणू लागले होते. त्याला मिळणाऱ्या कायाहोगा नदीवरील तेलकट थराने क्लीव्हलंड शहरात जून १९६९ मध्ये पेट घेतला. १९७० मध्ये माशांत पारा आढळल्यामुळे वॉलआयच्या व्यापारी मासेमारीवर बंदी घालावी लागली. या सरोवरात एके काळी विपुल असलेली निळ्या पाइकची जात तर कायमची नाहीशी झाली.

१९७२ मध्ये दोन्ही देशांनी महासरोवरांच्या पाण्याच्या शुद्धतेविषयी करार केला. सांडपाणी शुद्ध करण्याची केंद्रे उभारण्यात आली, फॉस्फरसवर निर्बंध आले आणि सरोवर बऱ्याच अंशी सावरले. परंतु संकटाने पुढे रूप बदलले. शेतांतून पावसाबरोबर वाहून येणारा खतांतील फॉस्फरस मॉमी नदीवाटे पश्चिम भागात उतरू लागला आणि विषारी शेवाळ माजू लागले. ऑगस्ट २०१४ मध्ये टोलेडो शहर व परिसरातील सुमारे चार लाख लोकांना काही दिवस नळाचे पाणी पिऊ नये असे सांगावे लागले. २०१६ मध्ये दोन्ही देशांनी सरोवरात येणारा फॉस्फरस २००८ च्या तुलनेत ४० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. शेतात पडलेले खत आणि कप्तानाचा रिकामा गळ यांचा संबंध असा सरळ आहे.

आपल्या पाण्यासाठी बोध

ईरी सरोवर फार दूर असले, तरी त्याचा प्रश्न परका नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याने नियंत्रण आले असून १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. नारळी पौर्णिमेपूर्वी समुद्रात न उतरण्याची कोळी समाजाची रूढी याच शहाणपणातून आलेली आहे. धरणांचे जलाशय व गावतळी मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना ठेक्याने दिली जातात. तेथे बारीक आसाच्या जाळ्यांनी बोटभर पिल्ले काढली गेली, तर सोडलेले बीज वाढण्यापूर्वीच संपते आणि संस्थेचा खर्च पाण्यात जातो.

अशा ठिकाणी तीन गोष्टी ग्रामपंचायती आणि संस्थांच्या आवाक्यात आहेत. पहिली, किती मासळी निघाली याची रोजची खरी नोंद. वहीत आकडा नसेल, तर तळे सुधारले की बिघडले हे सांगता येत नाही. दुसरी, सर्वांना मान्य होईल अशी आणि सर्वांना सारखीच लागू पडेल अशी मर्यादा. जाळ्याचा आस, बंदीचा काळ आणि प्रत्येकाचा वाटा ग्रामसभेत ठरला, तर तो पाळला जाण्याचा संभव वाढतो. तिसरी, तळ्यात उतरणाऱ्या पाण्याची काळजी. सांडपाणी आणि शेतातील खत काठावरच अडवले, तर मासळी आणि माणूस दोघांचेही रक्षण होते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना गावतळ्याच्या काठी नेऊन पाण्याचा रंग, शेवाळ आणि निघालेली मासळी यांची महिन्यातून एकदा नोंद करण्यास शिकवले, तर विज्ञान आणि नागरिकशास्त्र यांचे धडे एकाच वेळी गिरवले जातील.

लोरेनच्या कप्तानाला त्याच्या संयमाचे फळ त्याच दिवशी मिळत नाही. ते मिळाले तर दोन-तीन वर्षांनी, नव्या पिढीच्या रूपाने मिळते, आणि तेही शेजारच्या नौकेने, शेजारच्या राज्याने व शेजारच्या देशाने तोच संयम पाळला तर. सामाईक पाण्यावर एकट्याचा प्रामाणिकपणा पुरत नाही हे खरे, पण तो कोणा एकाने आरंभल्याशिवाय दुसराही पाळत नाही. एकसष्टावा मासा वर न घेता नांगर उचलणारा माणूस त्या मोठ्या करारावर रोज नव्याने सही करीत असतो.